डिचोलीचे न झालेले युद्ध

संस्कृत काव्यांचा थोर टीकाकार मल्लिनाथ याने आपल्या टीकेच्या आरंभीच एक प्रतिज्ञा केली आहे. मुळात ज्यास आधार नाही असे आपण काही लिहिणार नाही आणि ज्याची अपेक्षा नाही असे काही सांगणार नाही, असा तिचा आशय. या प्रतिज्ञेचा पूर्वार्ध इतिहासाच्या अभ्यासकांनी पुढे आपलासा केला, आणि इतिहास म्हणजे आधारासह सांगितलेली हकीकत ही समजूत आपल्याकडे रूढ झाली. आज ही प्रतिज्ञा केवळ पंडितांपुरती उरलेली नाही. ज्याच्या हाती संगणक किंवा मोबाइल आहे, असा कोणीही मनुष्य आज ज्ञानकोशाचा लेखक होऊ शकतो. म्हणून मल्लिनाथाचा नियम आता शाळेतील मुलास, पेढीवरील कारकुनास आणि निवृत्त शिक्षकास सारखाच लागू झाला आहे. तो पाळला म्हणजे काय होते, आणि न पाळला किंवा पाळल्याचे सोंग केले म्हणजे काय होते, याचा विचार एका खऱ्या प्रकरणाच्या आधारे करावा असे आम्ही योजिले आहे.

जुना कोश आणि नवा कोश

महाराष्ट्रास ज्ञानकोश नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० नंतरच्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. पुढे १९६० साली स्थापन झालेल्या मंडळाने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम चालविले, आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. विश्वकोशातील नोंद वाचून संपली की खाली संदर्भग्रंथ असतात आणि लेखकाचे नाव असते. हे नाव म्हणजे एक हमी असते. अमुक शास्त्राचा अमुक जाणकार हे सांगतो आहे, त्याचे लेखन संपादकाने तपासले आहे, आणि चूक निघाली तर जाब कोणास विचारायचा हे वाचकास ठाऊक आहे.

१५ जानेवारी २००१ रोजी इंटरनेटवर विकिपीडिया नावाचा कोश सुरू झाला, आणि त्याची मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी निघाली. येथे ही हमी नाहीशी झाली. लेख कोणीही लिहावा, कोणीही सुधारावा. लिहिणारा पुष्कळदा टोपणनावाने वावरतो. तो प्राध्यापक आहे की पंधरा वर्षांचा मुलगा, हे वाचकास कळण्याचा मार्ग नाही. मग अशा लेखनावर विश्वास कशाच्या बळावर ठेवावयाचा? या कोशाच्या चालकांनी त्याचे उत्तर असे दिले की, लेखकाची हमी नसेल तर आधाराची हमी हवी. कोशात जे विधान येईल ते कोठे तरी विश्वसनीय ठिकाणी आधी छापलेले असले पाहिजे आणि वाचकास ते पडताळता आले पाहिजे. स्वतःचे नवे संशोधन येथे मांडू नये. आणि मतभेद असेल तेथे दोन्ही बाजू निःपक्षपातीपणे द्याव्यात. आधार नसलेल्या विधानापुढे कोणीही ‘संदर्भ हवा’ अशी खूण करू शकतो.

नियम उत्तम आहे. परंतु नियमाचे शब्द पाळूनही त्याचा प्राण घेता येतो. त्याचेच उदाहरण आता पाहू.

युद्धाची हकीकत

जुलै २००७ मध्ये विकिपीडियाच्या इंग्रजी आवृत्तीत एक लेख दाखल झाला. विषय होता डिचोलीचा संघर्ष. १६४० च्या मध्यापासून १६४१ च्या आरंभापर्यंत गोव्याच्या उत्तरेस डिचोलीच्या परिसरात पोर्तुगीज आणि मराठी साम्राज्य यांच्यात युद्ध झाले, त्याचा शेवट तहाने झाला, आणि या तहाने गोव्याचे वेगळेपण पक्के झाले, अशी ही हकीकत. लेख लांबलचक होता, भाषा संयमी होती, आणि पानाच्या तळाशी संदर्भांची रांग होती: ग्रंथकर्त्याचे नाव, ग्रंथाचे नाव, प्रकाशक, साल, पृष्ठ, सर्व काही रीतसर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परीक्षण होऊन या लेखास ‘चांगला लेख’ ही श्रेणी मिळाली. पुढच्याच महिन्यात त्याहून वरच्या श्रेणीसाठी त्याचे नाव सुचविले गेले. ती मात्र मिळाली नाही. लेख मोजक्याच ग्रंथांवर फार विसंबून आहे, अशी तेव्हा तक्रार झाली. म्हणजे ग्रंथ थोडे आहेत हे परीक्षकांच्या ध्यानात आले, पण ते ग्रंथ आहेत तरी की नाहीत, हे पाहण्याचे कोणास सुचले नाही.

पाच वर्षे गेली. डिसेंबर २०१२ मध्ये एका संपादकाने हे संदर्भ एकेक करून शोधावयास घेतले. त्याला कोणत्याही सूचीत ते ग्रंथ आढळले नाहीत. मग युद्धाचा शोध घेतला, तर तेही कोणत्याच इतिहासात नव्हते. लेख अथपासून इतिपर्यंत कल्पित होता, आणि त्या महिन्याच्या अखेरीस तो काढून टाकण्यात आला. तोवर इतर संकेतस्थळांनी तो उतरवून घेतला होता. मूळ पुसले तरी नकला राहिल्या.

मराठी इतिहासाची थोडी ओळख असलेल्या मनुष्यास ही बनवाबनवी केवळ सालावरून ओळखता आली असती. १६४० साली ‘मराठी साम्राज्य’ होते कोठे? शिवाजी महाराज तेव्हा दहा वर्षांचे होते. निजामशाही बुडाल्यावर १६३६ पासून शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत होते आणि त्यांचे कार्यक्षेत्र कर्नाटकाकडे वळले होते. डिचोली स्वतः विजापूरकरांच्या अमलाखाली होती. पोर्तुगीजांच्या हाती त्या काळी तिसवाडी, बारदेश आणि साष्टी एवढाच मुलूख होता. डचांची जहाजे गोव्याच्या तोंडाशी येऊन वाट अडवीत होती. आणि १६४० च्या डिसेंबरात खुद्द पोर्तुगाल स्पेनच्या राजापासून फुटून निघाले. ज्या दोन पक्षांत हे युद्ध झाले म्हणावे, त्यांपैकी एक पक्ष अद्याप जन्मासच आलेला नव्हता.

मग हा लेख तगला कसा? आमच्या मते त्याचे कारण असे की, त्यास संदर्भ होते. संदर्भ नसते तर दुसऱ्याच दिवशी कोणी तरी ‘संदर्भ हवा’ अशी खूण केली असती. तळटीपांची रांग पाहून वाचणाऱ्याने मान डोलावली आणि तो पुढे गेला. जो आकडा शंका फेडण्यासाठी असावयाचा, त्याच आकड्याने शंका झोपविली.

खऱ्या घटनांची साक्ष

या कल्पित युद्धाशेजारी त्याच भूमीवरील खऱ्या घटना ठेवून पाहाव्या. १६६७ च्या अखेरीस शिवाजी महाराजांनी बारदेशावर स्वारी केली आणि मग पोर्तुगीजांशी तह झाला. पुढच्या वर्षी, म्हणजे शके १५९० मध्ये, त्यांनी डिचोली महालातील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय बांधविण्यास आरंभ केला. त्याचा शिलालेख देवळावर आहे. १६८३ च्या नोव्हेंबरात पोर्तुगीज विजरईने फोंड्याच्या किल्ल्यास वेढा घातला, संभाजी महाराजांनी तो उठवून लावला, आणि त्याच महिन्यात मराठ्यांनी जुवे बेट घेतले.

या घटना आपण खऱ्या कशावरून मानतो? पहिल्या घटनेची साक्ष मराठी साधनांत आहे, तशीच ज्यांच्यावर स्वारी झाली त्या पोर्तुगीजांच्या दप्तरातही आहे. दुसरीची साक्ष दगडावर आहे. ज्यास वाटेल त्याने नार्व्यास जाऊन ती वाचावी. गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य घालविलेले डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज कागद धुंडाळून मराठ्यांशी असलेल्या संबंधांचा जो इतिहास लिहिला, त्यात कोणता कागद कोठे आहे हे वाचकास सांगितले आहे. संदर्भाचे खरे काम हेच. तो वाचकास म्हणतो, “माझ्यावर विश्वास ठेवू नका; हा पत्ता घ्या आणि स्वतः जाऊन पाहा.” डिचोलीच्या लेखाने पत्ता दिला होता. त्या पत्त्यावर घरच नव्हते, आणि पाच वर्षे कोणी दार ठोठावले नाही.

चार प्रश्न

बनावट कागद हा काही इंटरनेटचा शोध नव्हे. आपल्या धर्मशास्त्रात वादाच्या निर्णयास लिखित, भुक्ती आणि साक्षी अशी तीन प्रमाणे सांगितली, आणि लिखिताबरोबरच कूटलेखाचा, म्हणजे खोट्या लेखाचा विचारही केला. मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतापुढे उभा राहिला की कागद नुसता पुढे करून भागत नसे. शिक्का, हस्ताक्षर आणि कागदाचे वय यांवर नजर जाई, आणि प्रत्यक्ष भोगवटा कोणाचा याची चौकशी होई. तीच दक्षता आज कोशात लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने बाळगावी. प्रत्येक संदर्भास चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हा ग्रंथ आहे काय? डिचोलीचा लेख या एकाच प्रश्नाने कोसळला. येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रामाणिकपणे दिलेला पत्ताही काळाच्या ओघात हरवू शकतो. ग्रँट डफ याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. अनेक कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्याचे तो तळटीपांत सांगतो, परंतु पुढच्या पिढीच्या अभ्यासकांस त्या तेथे मिळाल्या नाहीत. ज्या संकेतस्थळाचा आज हवाला द्यावा ते उद्या बंद पडते, ही त्याचीच नवी आवृत्ती होय. म्हणून संकेतस्थळाचा संदर्भ देताना ते कोणत्या तारखेस पाहिले हे लिहावे, आणि छापील ग्रंथ उपलब्ध असेल तर तो अवश्य द्यावा.

दुसरा प्रश्न : ग्रंथ आहे, पण तो हेच सांगतो काय? पुष्कळदा परिच्छेदातील एक वाक्य ग्रंथातून घेतलेले असते, बाकीची चार वाक्ये लेखकाच्या पदरची असतात, आणि संदर्भाचा आकडा सर्वांच्या शेवटी बसविलेला असतो. वाचकास वाटते, पाचही वाक्यांस आधार आहे. यास आम्ही लबाडीच म्हणू, मग ती नकळत का झालेली असेना. ज्या वाक्यास आधार आहे त्याच्याच शेवटी आकडा द्यावा आणि पृष्ठक्रमांक द्यावा. सातशे पानांच्या ग्रंथाचे नुसते नाव सांगणे म्हणजे पुण्यात राहतो एवढाच पत्ता सांगण्यासारखे आहे. तसेच, आपण जे वाचले त्याचाच हवाला द्यावा. राजवाड्यांनी छापलेले पत्र सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’त उद्धृत केलेले वाचले असेल, तर तसे स्पष्ट लिहावे, राजवाड्यांचा खंड उघडल्याचा आव आणू नये.

तिसरा प्रश्न : सांगणारास हे ठाऊक असण्याचा संभव आहे काय? शे-दीडशे वर्षांनी लिहिलेली बखर आणि घटनेच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले पत्र यांचे वजन सारखे नसते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड छापून पानिपतच्या काळातील पत्रे लोकांपुढे ठेविली, तेव्हा बखरींतल्या किती हकीकती पत्रांपुढे टिकत नाहीत हे महाराष्ट्रास प्रथमच ढळढळीत दिसले. आज बखरीच्या जागी ऐतिहासिक कादंबरी आली आहे. कादंबरी हे साहित्य आहे. तिच्यातले संवाद कादंबरीकाराने रचलेले असतात आणि ते रचण्याचा त्यास अधिकारही आहे. पण तेच संवाद ज्ञानकोशात घडलेली गोष्ट म्हणून उतरले, तर दोष कादंबरीकाराकडे जात नाही, उतरविणाऱ्याकडे जातो.

चौथा प्रश्न : हे आधार एकमेकांपासून स्वतंत्र आहेत काय? दहा पुस्तकांत एकच गोष्ट आली, म्हणून दहा साक्षी झाल्या असे नव्हे. नऊ जणांनी पहिल्याचे पाहून लिहिले असेल, तर साक्ष एकच. याचे एक हास्यास्पद पण बोधप्रद उदाहरण आहे. दक्षिण अमेरिकेत कोआटी नावाचा एक लहान प्राणी आहे. २००८ साली एका अमेरिकन विद्यार्थ्याने त्याच्यावरील विकिपीडियाच्या लेखात गंमत म्हणून एक नाव घुसडून दिले: ‘ब्राझीलचा आर्डव्हार्क’. आर्डव्हार्क हा आफ्रिकेतील प्राणी; त्याचा कोआटीशी काही संबंध नाही. पुढे ब्रिटनमधील वर्तमानपत्रांनी कोशात पाहून ते नाव छापले, आणि मग कोशातील त्या विधानास आधार म्हणून वर्तमानपत्राचाच हवाला देण्यात आला. वर्तुळ पुरे झाले. २०१४ मध्ये ही हकीकत उघडकीस आली, तोवर ते नाव छापील पुस्तकातही शिरले होते.

शिवजन्माची तिथी

हे चारही प्रश्न एकाच ठिकाणी कसे कसाला लागतात, हे महाराष्ट्राच्या परिचयाच्या एका वादावरून दिसेल. बखरींच्या आधारे शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखातला, म्हणजे १६२७ मधला, असे दीर्घकाळ मानले जात होते. बखरी अनेक होत्या, तेव्हा आधार भक्कम वाटे. पुढे जेधे घराण्याकडील एक शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वृत्तात ती त्यांनी प्रसिद्ध केली. तीत जन्मतिथी निघाली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एकाच साधनावर विसंबावे काय, असा प्रश्न साहजिकच उठला, आणि वाद झाला. १९२७ साली तंजावरच्या हस्तलिखितावरून कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ छापून निघाले. ते महाराजांच्या समकालीन कवीचे, आणि त्यात तीच तिथी. दूर राजस्थानात जोधपूर येथे ज्योतिषांच्या संग्रहात महाराजांची कुंडली सापडली. तिचाही मेळ त्याच तिथीशी बसला. मावळातील देशमुखाचे टिपण, तंजावरातील संस्कृत काव्य आणि जोधपूरची कुंडली, या तिघांनी एकमेकांचे पाहून लिहिले असणे शक्य नाही. तीन स्वतंत्र साक्षींपुढे अनेक बखरींची बहुसंख्या हरली, आणि अभ्यासकांनी आपले मत बदलले. मतभेद मिटविण्याचा हाच राजमार्ग आहे.

या वादात आणखी एक धडा आहे. शकावली हाती आल्यावर टिळकांनी ती विद्वानांपुढे छापून ठेविली. तिची छाननी झाली, मग ती सर्वमान्य झाली आणि शेवटी पाठ्यपुस्तकांत व कोशांत गेली. आज पुष्कळांचा राग असा असतो की, “आमच्या घरी सनद आहे, आमच्या गावात वडीलधारी मंडळी अमुक सांगतात, आणि हा कोश ते स्वीकारत नाही; आमचा इतिहास खोटा का?” आम्हांस ही तक्रार अगदीच निराधार वाटत नाही. ज्या गावांवर, ज्या समाजांवर कोणी ग्रंथच लिहिला नाही, त्यांना आधार मागणे म्हणजे ज्यास कधी शाळेत घातले नाही त्यास दाखला मागण्यासारखे आहे. तथापि त्यावर उपाय नियम सैल करण्याचा नाही. घरचा मोडी कागद जाणत्याकडून वाचवून घ्यावा, एखाद्या संशोधन-नियतकालिकाकडे पाठवावा. वृद्धांच्या आठवणी नाव, गाव व तारीख घालून लिहून घ्याव्या आणि छापाव्या. १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले, ते असल्याच कामासाठी. कोश हा विहिरीसारखा आहे. झऱ्यास पाणी नसेल तर विहीर खोल करून काय होणार?

वाचकाचे काम

हे सारे लिहिणाऱ्यांसाठी झाले असे कोणी म्हणेल. परंतु डिचोलीच्या प्रकरणात खोटे लिहिणारा एक होता, आणि न तपासता वाचणारे अनेक होते. नुकसान दोघांनी मिळून केले. खोटा इतिहास केवळ विद्वत्तेचा अपमान करून थांबत नाही. न झालेल्या युद्धाचे उट्टे काढावयास माणसे उभी राहतात. न दिलेल्या सनदेवर हक्क सांगितले जातात. आणि एकदा असे खोटे उघडे पडले की, शेजारच्या खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो. नार्व्याचा शिलालेख खरा आहे, पण ज्याने डिचोलीच्या युद्धाने एकदा फसवणूक करून घेतली, तो त्याच्याकडेही संशयानेच पाहील.

आपल्या नगरवाचनालयांतून राजवाड्यांचे खंड, सरदेसायांची रियासत, विश्वकोशाचे खंड अजून उभे आहेत. पुष्कळ ठिकाणी त्यांची पाने वर्षानुवर्षे कोणी उलटलेली नाहीत. या व्याख्यानमालेस येणाऱ्या मंडळींनी एवढे करावे : इंटरनेटवरील कोशात आपल्या गावावर जो लेख असेल तो वाचावा, त्यातील एक विधान निवडावे, त्याच्या शेवटचा संदर्भ टिपून घ्यावा आणि वाचनालयात जाऊन ते पान काढावे. विधान खरे निघाले तर आपल्या ज्ञानास बळकटी आली. खोटे निघाले तर ते दुरुस्त करण्याची मुभा त्या कोशाने प्रत्येकास दिलीच आहे. मात्र दुरुस्ती करताना नवा आधार पृष्ठासह द्यावा. आणि संदर्भच नसेल तर तो शोधून घालावा. डिचोलीचे युद्ध संपविण्यास फौज लागली नाही. पाच वर्षांनी एका माणसाने पुस्तकांची यादी हाती घेतली आणि ती पुस्तके खरोखर कोठे आहेत, एवढे विचारले.